विश्लेषण : मे महिन्यात गारवा देणारा कूलर जूनमध्ये का हरतो? उत्तर विलिस कॅरियर यांच्या आयुष्यात

एप्रिल लागला की अमळनेरमध्ये माळ्यावरचे कूलर खाली येतात. पत्र्याचं खोकं खिडकीला चढतं, बाजूच्या जाळ्यांत नवं गवत भरलं जातं, पंप चालतो का ते पाहिलं जातं. बोरीचं पात्र कोरडं पडलेलं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि पारा ४४-४५ अंशांवर. अशा वेळी दीडशे-दोनशे वॅट खाणारं हे खोकं घरातली खोली राहण्याजोगी करतं. मग जून येतो. तोच कूलर, तेच पाणी, तीच मोटर. पण खोलीत गारवा नाही, अंग चिकट, गादी दमट. घरात पहिला संशय पंपावर, दुसरा गवतावर आणि तिसरा मिस्त्रीवर.

दोष बहुतेक वेळा यांपैकी कुणाचाच नसतो. तो हवेत असतो. हवेत पाणी किती आहे आणि अजून किती मावेल, हे नेमकं मोजून यंत्राने आटोक्यात आणणाऱ्या माणसाचं नाव विलिस हॅविलँड कॅरियर. एसीच्या डब्यावर हे आडनाव अनेकांनी वाचलं असेल. या माणसाची गोष्ट कळली, तर घरातला कूलर आणि एसी यांच्या निम्म्या तक्रारी घरच्या घरी समजतात आणि त्यातल्या बऱ्याच हाताने सुटतातही.

घड्याळं दुरुस्त करणारी आई

कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला या गावी झाला. ईरी सरोवराच्या काठचा हा शेतीचा मुलूख. हिवाळा बर्फाचा. घरात आजी-आजोबांसह मोठी माणसं बरीच आणि मूल हे एकटंच.

आई एलिझाबेथ घरातली दुरुस्ती स्वतः करायची. घड्याळ बंद पडलं, शिलाई मशीन अडलं, की ती उघडून बसायची. शेजारी बसलेला मुलगा बघत राहायचा. शाळेत त्याला अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा आईने तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती कापून अर्धा, पाव, अष्टमांश असे भाग त्याच्यासमोर मांडले. अवघड प्रश्न तुकडे करून पाहायचा, ही सवय त्याला तिथे लागली. पुढे आयुष्यभर ते हा प्रसंग सांगत. विलिस ११ वर्षांचा असताना आई गेली.

१८९३ च्या मंदीने शिक्षण लांबलं. काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं, मग बफेलो शहरात जाऊन तयारी केली आणि १८९७ मध्ये शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश मिळवला. शिष्यवृत्तीत शिकवणीची फी भागली, पोटाची सोय नव्हती. म्हणून ते लोकांच्या अंगणातलं गवत कापत आणि घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या राखत. थंड प्रदेशात तळघरात कोळशाची भट्टी असते. तिच्यात कोळसा टाकणं, राख काढणं, हवेची झडप कमी-जास्त करणं हे रोजचं काम. पुढे जगाला गार करणाऱ्या माणसाने उमेदवारीत घरं गरम ठेवली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

१९०१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते ‘बफेलो फोर्ज’ या कंपनीत लागले. पगार आठवड्याला १० डॉलर. कंपनी मोठे पंखे आणि वाफेवर चालणारी तापवणी यंत्रं बनवायची. नव्या इंजिनिअरला पहिली कामं मिळाली ती लाकूड आणि कॉफी सुकवण्याच्या यंत्रणांची. कॅरियर यांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. किती नळ्या लावल्या तर किती हवा किती तापेल, याचा हिशोब कुणाकडेच धड नव्हता. अंदाजपंचे नळ्या वाढवायच्या, ग्राहकाची तक्रार आली की आणखी वाढवायच्या. कॅरियर यांनी नळ्यांवरून हवा सोडून मोजमाप घेतलं आणि कोष्टकं बनवली. त्या कोष्टकांनी एका हंगामात कंपनीचे सुमारे ४० हजार डॉलर वाचले, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. कंपनीने त्यांना संशोधनाचा विभागच काढून दिला.

घामासाठी नव्हे, कागदासाठी

एसीचा जन्म माणसाला गार वाटावं म्हणून झाला, हा सर्वांत मोठा गैरसमज. तो झाला कागदासाठी.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ‘सॅकेट अँड विल्हेल्म्स’ हा रंगीत छपाईचा कारखाना होता. रंगीत चित्र छापताना तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून जातो, दर वेळी एक रंग. दोन रंगांच्या मध्ये हवा दमट झाली की कागद ओल पिऊन किंचित फुगतो आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही. चित्रातल्या बाईच्या ओठांचा लाल रंग गालावर जातो. १९०० आणि १९०१ या दोन उन्हाळ्यांत कारखान्याचं बरंच नुकसान झालं. प्रश्न बफेलो फोर्जकडे आला आणि तो २५ वर्षांच्या कॅरियर यांच्या टेबलावर पडला.

त्यांनी आधी हवा सुकवण्याचा साधा मार्ग पाहिला. कॅल्शियम क्लोराइडचं मिठासारखं द्रावण हवेतली ओल ओढतं. ते कापडावर सोडून त्यातून हवा काढली. हवा सुकली, पण तिच्यात खारटपणा उतरला. असली हवा छापखान्यात सोडली तर यंत्रं गंजणार. तो मार्ग सोडावा लागला.

मग त्यांनी कोष्टकं उलटी वापरली. वाफेच्या नळ्यांनी हवा तापते, तर त्याच नळ्यांत गार पाणी सोडलं तर? गार नळीवर हवेतलं पाणी दवासारखं जमतं आणि ठिबकून जातं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तसंच. नळीचं तापमान आणि हवेचा वेग बरोबर जुळवला, तर हवेत हवं तेवढंच पाणी शिल्लक ठेवता येईल. १७ जुलै १९०२ ही त्यांच्या आराखड्यावरची तारीख. कारखान्यात वर्षभर ५५ टक्के आर्द्रता राखायची होती. त्यासाठी आधी विहिरीचं गार पाणी आणि मग अमोनियावर चालणारं शीतयंत्र जोडलं गेलं. यंत्रणेची ताकद दिवसाला १ लाख ८ हजार पौंड बर्फ वितळवण्याइतकी होती.

इथे थोडं थांबायला हवं, कारण दुकानातला ‘दीड टन’ याच हिशोबातून आला आहे. एसी किती टनाचा, म्हणजे त्याचं वजन किती असं नव्हे. २४ तासांत २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता ओढून घेतो, तितकी उष्णता खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. त्या मापाने ब्रुकलिनची यंत्रणा ५४ टनांची होती. आजच्या दीड टनाच्या ३६ एसींएवढी.

धुक्यातला फलाट

१९०२ च्या अखेरीस कॅरियर पिट्सबर्ग स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होते. थंडी होती, धुकं दाट होतं. बहुतेकांनी कोटाची कॉलर वर केली असेल. कॅरियर यांच्या डोक्यात हिशोब सुरू झाला.

धुक्यातली हवा पाण्याने पूर्ण भरलेली असते, शंभर टक्के. तरीही त्या हवेत पाण्याची वाफ थोडीच असते, कारण हवा गार आहे आणि गार हवेत पाणी कमी मावतं. म्हणजे हवेतून मुद्दाम धुकं तयार करायचं आणि त्या धुक्याचं तापमान आपल्या हातात ठेवायचं. मग हवेत नेमकं किती पाणी उरेल, हे आपण ठरवू. हवा कोरडी करण्यासाठी तिच्यावर पाणी फवारायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण फवाऱ्याचं पाणी पुरेसं गार असेल तर हवेतली वाफ त्या थेंबांवर जमते आणि हवा कोरडी होते. पाणी तितकं गार नसेल तर उलट घडतं, हवा ओली होते. यातून आलेल्या यंत्राचं पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळालं. त्यात फवारे होते आणि हवेतले थेंब अडवणाऱ्या पट्ट्या होत्या.

घरचा कूलर या यंत्राचा गरीब चुलतभाऊ म्हणता येईल. गवतावरून पाणी झिरपतं, पंखा त्यातून कोरडी हवा ओढतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तोच नियम. फरक एवढाच, की कूलरचं पाणी साधं असतं. ते हवेतली ओल कधीच काढू शकत नाही, फक्त वाढवू शकतं.

यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. पहिली, टाकीत बर्फ टाकण्याचा खटाटोप. एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता घेतो, त्याच्या सुमारे सात पट उष्णता एक किलो पाणी वाफ होताना घेतं. बर्फाने पहिली काही मिनिटं बरी वाटतात, पण खरं काम वाफेचं आहे. बर्फाचे पैसे नव्या गवतावर घातलेले बरे. दुसरी गोष्ट खिडकीची. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवला तर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते, थोड्या वेळात तिच्यात आणखी पाणी मावत नाही आणि गारवा संपतो. कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेरच्या हवेकडे आणि समोरच्या बाजूची एक खिडकी किंवा दार थोडं उघडं, अशी मांडणी हवी. एसीला नेमकं याच्या उलट लागतं. दोन्ही यंत्रं घरात असलेली माणसं इथेच गोंधळतात.

गिरणीतला तुटणारा धागा

कॅरियर यांच्या सुरुवातीच्या मोठ्या ग्राहकांमध्ये कापड गिरण्या होत्या, आणि हा भाग खानदेशाच्या ओळखीचा आहे. १९०६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बेलमाँट गावच्या ‘क्रॉनिकल कॉटन मिल्स’ला हवा ओली ठेवणारी यंत्रणा हवी होती. हजारो चात्या फिरतात, त्यांच्या घर्षणाने गिरणी तापते, हवा कोरडी पडते. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, धागा तुटतो, तंतूंवर स्थिर वीज साचून ते एकमेकांना दूर ढकलतात. धागा तुटला की यंत्र थांबवा, गाठ मारा, पुन्हा चालवा. कॅरियर यांना इथे कळलं, की गिरणीची हवा ओली करायची तर आधी यंत्रांची उष्णता मोजावी लागेल. त्याच वर्षी स्टुअर्ट क्रेमर या गिरणी इंजिनिअरने ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द वापरात आणला. तोही कापड गिरणीच्या संदर्भात. शब्दाचा अर्थ गारवा नव्हता, हवा कामाजोगी करणं हा होता.

विसाव्या शतकाच्या त्याच सुरुवातीच्या काळात अमळनेरमध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांची प्रताप मिल उभी राहिली. कापूस भोवतालच्या काळ्या मातीतला, उन्हाळा तापी खोऱ्याचा. इथल्या कोरड्या हवेत धागा टिकवणं आणि बेलमाँटला टिकवणं, दुखणं एकच. सूतखात्यात हवा दमट ठेवावी लागते. म्हणून यंत्रासाठी हवा बनवणं म्हणजे काय, हे गिरणी कामगाराला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो त्या दमट उष्म्यात पाळी काढायचा. धाग्याला जे मानवतं ते अंगाला मानवतंच असं नाही.

४४ अंश आणि ३२ अंश

डिसेंबर १९११ मध्ये कॅरियर यांनी अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसमोर एक निबंध वाचला. हवेचं तापमान, तिच्यातली ओल आणि दवबिंदू यांचं नातं सूत्रांत बांधणारा. त्यासोबतचा तक्ता आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आहे. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत त्यावर पट्टी-पेन्सिलने रेघा मारलेल्या असतात आणि निकालानंतर तो विसरलेला असतो.

त्या तक्त्याची गुरुकिल्ली म्हणजे ओल्या फडक्याचा थर्मामीटर. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वारा घातला की पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. कूलर कितीही चांगला असला तरी त्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही.

आता खानदेशातले दोन दिवस घेऊ. मे महिन्याची दुपार, ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओल्या फडक्याचा पारा साधारण २३ अंशांवर थांबेल. म्हणजे कूलरला २१ अंशांची जागा आहे. चांगल्या गवताचा कूलर त्यातली तीन-चतुर्थांशाहून जास्त वापरतो आणि २७-२८ अंशांची हवा देतो. दुसरा दिवस पावसाला सुरुवात झाल्यानंतरचा. ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के. ओलं फडकं २८ च्या आसपास थांबेल. जागा उरली चार अंशांची. कूलरमधून येईल २९ अंशांची, पाण्याने जवळजवळ भरलेली हवा. घाम सुकणार नाही. पंप बदला, गवत बदला, मिस्त्री बदला, आकडा तोच.

तरीही मे महिन्यातच कूलर गार देत नसेल, तर मात्र दोष घरातला असतो आणि तो शोधायला कुणाला बोलवावं लागत नाही. सगळ्यात आधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून बाहेर हवा. मग गवत पाहा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पाणी उडून जातं आणि क्षार गवतावर पांढरा थर धरतो. असं गवत हाताला खडबडीत लागतं, त्यातून हवा नीट जात नाही. वूडवूल दर हंगामात बदललेलं बरं. मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड असतील तर ते पाण्यात व्हिनेगर टाकून भिजवून साफ करता येतात, जोराने घासले तर फाटतात. गवताचे कोरडे पट्टे दिसले तर वरच्या पाइपाची भोकं क्षाराने बुजली आहेत, सुई किंवा बारीक तारेने मोकळी करा. पंप घरघरतो पण पाणी चढत नाही, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या तोंडाशी गवताची काडी अडकलेली असते. आणि टाकीतलं जुनं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाका. रोज वर नवं पाणी ओतत राहिलं तर क्षार साचतच जातो. गिझरच्या कॉइलवर चढतो तो याच जातीचा थर.

पाणी बदलण्याचं आणखी एक कारण आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून कडा घासल्या की ही साखळी तुटते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट विजेची. पत्र्याचं खोकं, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप. पंपाची वायर कुठे सोलली गेली आणि अर्थिंग नसेल, तर अख्खा कूलर जिवंत होतो. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून लहान मुलं गेल्याच्या बातम्या खानदेश आणि विदर्भातून दरवर्षी येतात. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतलं अर्थिंग, गळतीला वीज तोडणारा ब्रेकर आणि पाणी भरताना प्लग बाहेर. अर्थिंग आहे की नाही हे मात्र वायरमनकडूनच तपासून घ्यावं. स्वतः करण्याच्या हौसेला इथे आवर हवा.

सात जण आणि एक अंधारं थिएटर

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला बफेलो फोर्जने हात आखडता घेतला. फक्त यंत्रं बनवायची, बाकी उद्योग बंद. कॅरियर आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले आणि १९१५ मध्ये त्यांनी ‘कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन’ काढली. त्यांत आयर्विन लायल हे जुने मित्र होते. गिऱ्हाईक आणण्याचं काम त्यांचं, गणित कॅरियर यांचं. कॅरियर इतके विसरभोळे, की एकदा प्रवासाला निघाले आणि बॅगेत फक्त रुमाल निघाला, असं सांगतात.

तोवरची शीतयंत्रं अमोनियावर चालायची. अमोनिया विषारी, गळला तर माणसं गुदमरणार. कारखान्यात चालून जायचं, हजार माणसांच्या सभागृहात नाही. १९२२ मध्ये कॅरियर यांनी वेगाने फिरणाऱ्या पात्यांचं, कमी धोक्याच्या द्रवावर चालणारं शीतयंत्र लोकांसमोर आणलं. त्याने दारं उघडली. १९२४ मध्ये डेट्रॉइटमधलं हडसन हे मोठं दुकान गार झालं. १९२५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये यंत्र बसलं. पहिल्या दिवशी ते सुरू व्हायला उशीर झाला. प्रेक्षक हातातले पंखे हलवत बसले होते, कॅरियर मागे उभे राहून पाहत होते. हळूहळू पंखे मांडीवर आले. त्यानंतर अमेरिकेत उन्हाळ्यात लोक सिनेमा पाहायला जाऊ लागले, की गारव्याला, हे सांगणं कठीण.

घराची गोष्ट वेगळी. मिनियापोलिसमध्ये चार्ल्स गेट्स या धनिकाच्या हवेलीत १९१४ मध्ये कॅरियर यांचं यंत्र बसलं. उंची सुमारे ७ फूट, लांबी २० फूट. मालक घर पुरं होण्याआधीच वारला होता. १९२८ मध्ये घरांसाठी ‘वेदरमेकर’ बाजारात आलं, लगेच महामंदी आली आणि विक्री बसली. १९३० मध्ये दोन कंपन्यांना सोबत घेऊन ‘कॅरियर कॉर्पोरेशन’ झाली, १९३७ मध्ये ती सिराक्यूज शहरात गेली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात तिने एस्किमोंच्या बर्फाच्या घराच्या आकाराचा मंडप उभारला. लोक आत जाऊन गार होऊन बाहेर येत. विकत मात्र थोडेच घेत.

एसीवाल्यांनी यातलं काय घ्यावं?

कॅरियर यांच्या मते हवा ‘कंडिशन’ करण्याची कामं चार. तापमान, आर्द्रता, हवेचं फिरणं आणि स्वच्छता. आपण रिमोटवर पहिल्याच्याच मागे लागतो आणि बिघाड बहुधा शेवटच्या दोनांतून येतो.

एसीच्या पुढच्या झाकणामागची जाळी धुळीने भरली की हवा कमी जाते. हवा कमी, म्हणून आतली गार नळी आणखी गार होते. हवेतली ओल तिच्यावर दव म्हणून जमण्याऐवजी बर्फ होऊन बसते. बर्फाने वाट आणखी अडते. मग एसी चालतो, बिल येतं, गारवा येत नाही, आणि बंद केल्यावर बर्फ वितळून भिंतीवरून पाणी गळतं. उपाय फुकट आहे. जाळी काढा, नळाखाली धुवा, सावलीत सुकवा, परत बसवा. खानदेशातल्या उन्हाळी धुळीत दर दोन आठवड्यांनी. खोलीत पाणी ठिबकण्याचं दुसरं कारण बाहेर जाणारी पाण्याची नळी शेवाळाने बुजणं. तिच्या बाहेरच्या टोकाकडून फुंकर किंवा थोडं पाणी मारलं तर बहुतेक वेळा ती मोकळी होते.

आणि तो ‘गॅस’. गॅस कमी झालाय, भरावा लागेल, हे वाक्य प्रत्येक घराने ऐकलेलं आहे. एसीतला गॅस मोटारसायकलच्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो खरंच कमी असेल, तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती दाखवा, ती बुजवा, मग गॅस भरा, असं सांगण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. आणि हे ऐकण्याआधी जाळी धुतलेली असावी, कारण बुजलेली जाळी आणि कमी गॅस यांची लक्षणं सारखीच, बर्फ आणि कमी गारवा. गॅसच्या नळ्या आणि बाहेरच्या युनिटमधला कॅपॅसिटर मात्र जाणकारावर सोडायचे. कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही धक्का देतो.

शेवटची वर्षं

चाळिशीच्या दशकात कॅरियर यांना हृदयविकाराने गाठलं आणि ते कामातून हळूहळू बाजूला झाले. दोन पत्नींचे मृत्यू त्यांनी पाहिले होते, तिसरं लग्न १९४१ मध्ये झालं होतं. दोन मुलं त्यांनी दत्तक घेतली होती. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. अमेरिकेतल्या सामान्य घरांच्या खिडक्यांत एसी दिसू लागले ते त्या सुमारास आणि त्यानंतर. ज्या घरगुती यंत्रावर आज त्यांचं नाव दिसतं, त्याची भरभराट पाहायला ते नव्हते.

अमळनेरच्या कूलरचं म्हणाल, तर मृगाचे दोन चांगले पाऊस झाले आणि ओलं फडकं २७-२८ वर थांबू लागलं की त्याचा हंगाम संपला. पाणी बंद करून तो नुसत्या पंख्यावर चालवता येतो, आर्द्रता तरी वाढत नाही. माळ्यावर ठेवण्याआधी टाकी उपसून पुसून घ्या, जुनं गवत काढून टाका, पंप साध्या पाण्यात दोन मिनिटं फिरवून कोरडा करा, पत्र्याला गंज दिसला तर घासून रंगाचा हात मारा आणि वायर गुंडाळताना ती कुठे उंदराने कुरतडली आहे का, हे बोटं फिरवून नीट पाहा.